गोधडीची पट्टी आणि तिच्यामागचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात यंदा व्यासपीठावरील लांब टेबलावर जी रंगीत पट्टी अंथरलेली दिसेल, ती बाजारातून आणलेली नाही. मंडळाच्या पंधरा सभासदांनी घरोघरच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून ती गोधडीच्या टाक्याने शिवली आहे. हल्ली शहरात अशा पट्टीला ‘टेबल रनर’ म्हणतात. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत अशी सूचना स्मरणिकेच्या संपादिकांनी केली. लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की, पट्टीची हकीकत थोडक्यात आटपते. परंतु ज्या गोधडीतून ती निघाली, तिची हकीकत फार जुनी आहे. त्या हकीकतीत राजे नाहीत, लढाया नाहीत. त्यात आहेत केवळ बाया, आणि त्यांचीही नावे कोठे आढळत नाहीत. असे का झाले आणि पुढे तसे होऊ नये म्हणून आपल्याला काय करता येईल, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम गोधडी म्हणजे काय ते पाहू. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरावयाचे, फाटक्या जागी ठिगळ द्यावयाचे आणि साऱ्या थरांतून साधा धावदोरा घालीत कडेपासून मध्यापर्यंत जावयाचे. यापलीकडे तिच्यात काही नाही. घोंगडी लोकरीची आणि ती विणावी लागते. गादीत कापूस भरावा लागतो आणि त्यासाठी पिंजारी लागतो. गोधडीला मात्र बाहेरचे कोणीच लागत नाही. घरातले टाकाऊ कापड, एक मोठी सुई, दोरा आणि दुपारची सवड एवढ्यावर ती उभी राहते. आपल्याकडे तिला कोणी गोधडी म्हणतात, कोणी वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी लहान केली की ते दुपटे होते.

हा टाका केवळ आपल्याच मुलखाचा आहे असे मात्र नाही. आपल्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान आल्यापासून, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीपासून, निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे राहावयास आली. त्यांतील काही भगिनी मंडळात येऊ लागल्या. पट्टीचे काम निघाले तेव्हा कर्नाटकातून आलेल्या एक काकू म्हणाल्या, ‘अहो, ही तर आमची कौदी!’ बंगाली वहिनींनी तिला काँथा म्हटले आणि बिहारकडील एका मुलीने सुजनी. राजस्थान, गुजरात आणि सिंधकडे रल्ली हे नाव चालते. हिंदी बोलणारे तिला गुदड़ी म्हणतात, आणि आपल्या ‘गोधडी’ या शब्दाशी त्याचे साम्य कोणाच्याही कानाला जाणवेल. एकाच सतरंजीवर बसून पाच प्रांतांच्या बायांनी एकच टाका आपापल्या नावाने ओळखला, ही मला या कामातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटली.

आता जुन्या काळाकडे वळू. संस्कृतात चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला कंथा म्हणतात. बंगालीतील काँथा त्याच घराण्यातला शब्द. नाथपंथी योग्यांच्या वेषात शृंगी, मेखला यांच्याबरोबर कंथाही असे. त्याहून जुनी आणि आपल्या गावाला जवळची वाटावी अशी एक हकीकत बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात आली आहे. टाकलेल्या चिंध्या वेचून त्यांची वस्त्रे करण्याची वहिवाट भिक्षूंमध्ये होती. अशा वस्त्राला पांसुकूल म्हणत. पुढे एकदा मगध देशातून जात असता बुद्धांनी तेथील भातखाचरे पाहिली. चौकोनी वाफे, त्यांमधले लहानमोठे बांध, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा. भिक्षूंची चीवरे अशा शेतांसारखी करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. बौद्ध भिक्षूंच्या चीवरात तुकड्यांची ती मांडणी आजही पाळली जाते.

आपला मुळशी तालुका भाताचा. ज्यांनी येथली खाचरे पाहिली आहेत, त्यांना ठिगळाठिगळांची गोधडी आणि बांधाबांधांची शेती यांतले साम्य वेगळे सांगावयास नको. आज हिंजवडीच्या पुष्कळशा शिवारावर काचेच्या इमारती उभ्या आहेत. खाचरांची ती चौकट आता जुन्या गोधड्यांत तेवढी पाहावयास मिळते.

आपल्या महाराष्ट्रात अलीकडच्या काळातील उदाहरण गाडगे महाराजांचे. त्यांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात झाला आणि १९५६ मध्ये ते निवर्तले. अंगावर चिंध्यांचे, गोधडीवजा वस्त्र असे म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि कीर्तनातून शाळेचे, स्वच्छतेचे महत्त्व सांगणाऱ्या या पुरुषाला गोधडीने नाव दिले, ही गोष्ट गोधडीला भूषणावहच आहे.

परंतु या सगळ्या हकीकतींत एक गोष्ट समान आहे. भिक्षू, योगी, संत हे सारे गोधडी अंगावर घेणारे. त्यांनी ती वैराग्याची खूण म्हणून घेतली, म्हणून ती ग्रंथांत आली. ज्या घरात वैराग्य म्हणून नव्हे तर थंडी वाजते म्हणून गोधडी लागत असे, त्या घरातल्या गोधडीबद्दल कोणी लिहिले नाही. आणि ती शिवणारीबद्दल तर नाहीच नाही. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवून राजा केळकर संग्रहालय उभे केले आणि रोजच्या वापरातील वस्तूही जपण्यासारखी असते हे दाखवून दिले. पण धातूचा दिवा शंभर वर्षे टिकतो. गोधडी वापरली की विरते. विरली की तिच्यावर दुसरा थर चढतो. अगदीच गेली की तिचे पोतेरे होते. झिजून संपावयाचे हेच तिचे काम. म्हणून तिच्या इतिहासाला पुरावा राहत नाही, आणि जो आहे तो बायांच्या हातांत आणि आठवणीत आहे.

त्या आठवणीपैकी मला जी ठाऊक आहे ती येथे नोंदवून ठेवते. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा घरोघर ट्रंकेवर गोधड्यांची चळत असे. सुगी आटोपली, उन्हे तापू लागली की दुपारी ओसरीवर गोधडी पडे. पावसाळ्यापूर्वी ती पुरी व्हावयास हवी, कारण मुळशीच्या पावसात एकदा कापड दमट झाले की ते वाळणे कठीण. एका घरची गोधडी अंथरली की शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुई घेऊन येत. चारी कडांना चौघी बसत आणि आपापल्या बाजूने आत सरकत. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा असते; हिंजवडीहून वाकडला बगाड जाते. त्या वेळी घरी पाहुणे येत आणि चळतीतल्या झाडून साऱ्या गोधड्या बाहेर निघत. कोणाच्या घरी किती पाहुणे निभावतात हे गोधड्यांच्या चळतीवरून कळे. नवरात्रापूर्वी त्या सगळ्या ओढ्यावर नाहीतर मुळेच्या काठी नेऊन बडवून धुवावयाच्या. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. पिळावयाला दोघी लागतात. शिवण्यापासून धुण्यापर्यंत हे काम एकटीचे नव्हतेच. महिला मंडळ हा शब्द गावात येण्यापूर्वी बायांचे मंडळ गोधडीभोवती बसत असे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

गोधडीची लांबीरुंदी कोठून आली, याचेही एक साधे गणित आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड, पन्हा सुमारे चार फूट. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फुटांचा होतो. हे चार भाग एकावर एक ठेवले की एका माणसाला अंगभर पुरेल अशी चार थरांची गोधडी तयार. म्हणजे एक लुगडे, एक गोधडी. लुगडे नेसून विरत आले की त्याचे पुढे काय होणार हे जणू विणकरानेच ठरवून ठेवलेले. पुढे सहावारी पातळ आले. त्याच्या अठरा फुटांतून असे दोनच भाग निघतात आणि साडेचार फुटांचा एक तुकडा उरतो. एका गोधडीला दोन पातळे लागू लागली. वस्त्र बदलले की पांघरुणाचा हिशेबही बदलतो तो असा.

कापडाच्या इतिहासाचे इतर धक्केही गोधडीने सोसले आहेत. मुंबईत पहिली सुती गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली, आणि पुढे हातमागाच्या लुगड्याधोतरांबरोबर गिरणीचे कापडही खेड्यापाड्यांत पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ मध्ये सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. तो काळ ज्यांनी पाहिला त्या आजीबाई सांगत की, त्या दिवसांत जुनेर टाकून देणे ही कल्पनाच नव्हती. आधी ते नेसावयाचे, मग त्याचा मुलांना परकर, मग झबले, मग गोधडीचा थर आणि शेवटी दिव्याची वात.

पुढे नायलॉन, टेरिलीन आणि पॉलिएस्टर आले. ही कापडे लवकर वाळतात, विरत नाहीत, इस्त्री मागत नाहीत. घरकाम करणाऱ्या बाईला त्यांचा मोठाच आराम झाला आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. पण गोधडीला ती मानवत नाहीत. सुती कापड जितके जुने तितके मऊ आणि घाम टिपणारे. कृत्रिम धाग्याचे कापड जुने झाले तरी मऊ होत नाही, घाम टिपत नाही, आणि निसरडे असल्याने थर एकमेकांवर ठरत नाहीत. शिवाय बाजारात ब्लँकेटे स्वस्त झाली. गोधडी मागे पडली ती बाया आळशी झाल्या म्हणून नव्हे, तिचा कच्चा मालच घरातून नाहीसा होऊ लागला म्हणून. आज पुण्याच्या गल्ल्यांतून ‘जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून मिळतील’ अशी आरोळी ऐकू येते. यंत्रावर ती गोधडी लवकर होते हे खरे. पण तिच्या कडेला चौघी बसत नाहीत.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रात स्त्रियांच्या संस्थांनी शिवणकामाला मोठा मान मिळवून दिला. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करण्याच्या खटपटीत शिक्षणाच्या जोडीला शिवणाची सुईही होती. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजना सुरू झाली आणि १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून गावोगावच्या महिला मंडळांना बळ मिळाले आणि शिवणवर्ग ही त्यांची ओळखच बनली.

मीही अशा एका शिवणवर्गात बसले आहे. तेथे झबली, परकर, पोलकी बेतावयास शिकवीत. रुमालावर साखळी टाका, टेबलक्लॉथवर काश्मिरी टाका शिकवीत. गोधडी मात्र शिकविली नाही. ती सर्वांना येतेच, असे गृहीत होते. आणि खरे सांगावयाचे तर ती गरिबाघरची समजली जाई. पाहुणे आले की सोलापुरी चादर वर आणि गोधडी खाली, ही रीत आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. विलायती भरतकामाला ‘कला’ म्हणावयाचे आणि स्वतःच्या आजीच्या टाक्याला ‘काम’ म्हणावयाचे, अशी ही वाटणी कोणी हुकूम काढून केलेली नव्हती. पण ती होती, आणि तिच्यापायी आपल्या हातची एक विद्या आपणच मोजदादीबाहेर ठेवली.

इतर ठिकाणी काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बंगालमध्ये गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने खेडोपाडी फिरून काँथा जमविल्या. त्यांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईने शिवलेली एकोणिसाव्या शतकातील एक काँथा आहे. तिने ती आपल्या वडिलांसाठी केली आणि तसे तिच्यावर टाक्यांनीच लिहून ठेवले. त्या काळी बंगालमध्ये लक्षावधी काँथा शिवल्या गेल्या असतील. पण मानदासुंदरी आज आपल्याला नावाने ठाऊक आहे, कारण तिने नाव घातले. पुढे जसीमुद्दीन या कवीने १९२९ मध्ये ‘नक्षी काँथार माठ’ हे काव्य लिहिले आणि काँथा साहित्यातही गेली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, गुलामगिरीत राबलेल्यांच्या लेकीनाती, शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला तेव्हा, १९४२ मध्ये, तिने त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती आजही जपून ठेवलेली आहे. मताच्या हक्कासाठी तेथील लोक उभे राहिले त्या सुमारास, १९६२ मध्ये, नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावी नेणारी नाव बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावयास २००६ साल उजाडले. मध्यंतरी १९६६ मध्ये त्या भागातील स्त्रियांनी गोधड्या शिवून विकण्यासाठी एक सहकारी संस्था काढली. पुढे २००२ मध्ये त्यांच्या गोधड्यांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. प्रत्येक गोधडीखाली ती करणारीचे नाव लिहिलेले होते.

आणि आपल्या शेजारचेच पाहावयाचे तर कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीज अमलात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी अनेकजण घाटावरच्या रानात पळून आले, त्यांचे हे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे यावयाचे, ही रीत आपल्यासारखीच. मात्र चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी ‘फुले’ बसविल्याखेरीज त्यांची कवंदी पुरी होत नाही. आपल्या महाराष्ट्रातील गोधड्यांवरही मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी अलीकडच्या काळात पुस्तक केले आहे. म्हणजे वेळ अजून गेलेली नाही.

आता पट्टीची हकीकत. मंडळाचे टेबल सहा फूट लांब. दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच पट्टी लोंबावी म्हणून लांबी साडेसात फूट, म्हणजे नव्वद इंच धरली आणि रुंदी चौदा इंच. पंधराजणींनी आपापल्या घरून सुती कापडाचा एकेक तुकडा आणला. तो सात इंच रुंद आणि पंधरा इंच लांब कापावयाचा. अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की सहा इंच उरतात, आणि पंधरा सक नव्वद. कोणी सासूच्या इरकल लुगड्याचा काठ आणला, कोणी वडिलांच्या धोतराचा तुकडा, कोणी मुलाच्या शाळेच्या सदऱ्याचा. बंगाली वहिनींनी तांताच्या साडीचा आणला. आधी तुकडे जोडून वरचा पदर केला, मध्ये जुन्या धोतराचे दोन थर घातले, खाली सहावारी पातळाचे अस्तर लावले. चारी थर सतरंजीवर ताणून कच्चे टाके घातले, म्हणजे आत सुरकुती पडत नाही. मग कडेने धावदोरा सुरू केला, दर अर्ध्या इंचावर एक ओळ. शेवटी कच्चे टाके काढून टाकले.

या कामात एक वादही झाला आणि तो लिहून ठेवणे मला योग्य वाटते. मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘गोधडी माणसाच्या अंगावर घालायची असते बायांनो. लाकडाला कसली थंडी वाजते? आमची लुगडी फाडून टेबल सजवायचं, हे काही मला पटत नाही.’ त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. गोधडीची सारी थोरवी तिच्या उपयोगात आहे. जी वस्तू गरजेतून जन्माला आली ती शोभेची केली की तिचा जीव जातो, असे पुष्कळ कलांच्या बाबतीत झालेले आहे. यावर कर्नाटकच्या काकूंनी असे उत्तर दिले: ‘आजी, पांघरायला गोधडी आता पोरं घेत नाहीत. पण टाका हातात राहिला तर उद्या नातवंडासाठी दुपटं तरी शिवता येईल. टाकाच गेला तर काय राहील?’ आजी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या आईच्या लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या आणि, ‘कोपऱ्यावरचे टाके सैल पडलेत’, असे म्हणत तरुण मुलींना सुई धरावयास शिकवू लागल्या. त्यांचा आक्षेप मिटला असे मी म्हणणार नाही. मलाही तो पुरता खोडता येत नाही. पण ज्या मुलींना गोधडी कशी अंथरतात हे ठाऊक नव्हते, त्यांतल्या चौघींना आज ते येते, एवढे खरे.

दुसरा प्रश्न पैशाचा. पट्टी पाहून एका दुकानदाराने अशा आणखी पट्ट्या करून द्याल का म्हणून विचारले आणि ‘जुन्या कापडाचीच तर वस्तू’ म्हणून फारच थोडा भाव सांगितला. त्या रात्री मी हिशेब मांडून पाहिला. नव्वद इंच लांब आणि चौदा इंच रुंद पट्टी, अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी. एकूण धावदोरा सुमारे दोन हजार पाचशे वीस इंच, म्हणजे दोनशे दहा फूट. इंचाला चार टाके धरले तर दहा हजारांहून अधिक टाके. मिनिटाला पंधरा टाके पडतात असे धरले तरी नुसत्या सुईचे अकरा तास. कापणे, जोडणे, टाचणे वेगळे. हाच हिशेब एका लुगड्याच्या पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडीला लावला, तेव्हा टाके निघाले एकतीस हजार आणि तास निघाले चौतीसहून अधिक. आपल्या आजीने जन्मात अशा किती गोधड्या शिवल्या असतील, याचा प्रत्येकीने मनाशी विचार करावा. कापड फुकटचे होते म्हणून गोधडी फुकटची समजली गेली. तिच्यातले तास कोणी मोजले नाहीत. दुकानदाराला आम्ही टाक्यांचा हा हिशेब दाखविला. त्याने अजून उत्तर दिलेले नाही. पण यापुढे मंडळाने कोणतेही हातकाम विकावयाचे ठरविले तर भाव तासांवर सांगावा, कापडावर सांगू नये, असे आम्ही ठरविले आहे.

आता माझी सूचना. आपल्या पट्टीच्या अस्तरावर, एका कोपऱ्यात, पंधराही जणींची नावे, गावाचे नाव आणि साल टाक्यांनी घातले आहे. ते वरून दिसणार नाही. पट्टी उलटली तरच दिसेल. ही चाल प्रत्येक घरी पडावी. ज्यांच्या घरी जुनी गोधडी शिल्लक असेल त्यांनी ती कोणी शिवली, कोणाच्या लुगड्याची, साधारण कोणत्या साली, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका फडक्यावर लिहावे आणि ते फडके गोधडीच्या पाठीला टाचून ठेवावे. मंडळाच्या कपाटात यासाठी एक वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येकीने आपल्या घरच्या एका गोधडीची नोंद करावी. लिहिता येत नसेल त्यांची नोंद लिहून घेण्यास मी दर शनिवारी दुपारी मंडळात बसेन. ज्या आज्या हे सांगू शकतात त्यांचे वय पाहता हे काम पुढच्या वर्धापनदिनावर टाकू नये, अशी सर्व भगिनींना माझी विनंती आहे. वहीत पहिली नोंद आजींच्या आईच्या लुगड्याची झाली आहे. दुसरे पान कोरे आहे.